टाके कुणी काढले?

लोंबता दोरा दिसला की मास्तरांचे हात शिवशिवायचे. बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या बाहीला दोरा लोंबत असला, तर ते खिशातली छोटी कात्री काढून तो हळूच कापायचे आणि त्या माणसाने मागे वळून बघायच्या आत भलतीकडेच बघत उभे राहायचे. चाळीस वर्षं कोट शिवले होते त्यांनी. "आमचा कोट उलटा करून बघा, आत एक दोरा सापडला तर मिशी उतरवीन," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. मिशी अजून जागेवर होती.

तर अशा माणसाच्या छातीतूनच एक दिवस दोरा बाहेर आला.

मास्तरांच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत पेसमेकर होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं हृदय मधूनमधून ठोके गाळायला लागलं आणि एकदा तर ते हातात इस्त्री धरूनच कोसळले, तेव्हा बसवलेला. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी पेटी, आणि तिच्यातून निघून शिरेतून थेट हृदयात गेलेल्या दोन तारा. पेटीची बॅटरी संपत आली म्हणून आठ महिन्यांपूर्वी नवी पेटी घातली. तारा जुन्याच ठेवल्या. दहाव्या दिवशी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या ड्रेसिंग रूममध्ये तिथल्या सिस्टरनी टाके काढले. "काका, जखम छान भरलीय. आता खुशाल कामाला लागा," असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी आरशात बघितलं. शिलाई सरळ होती. त्यांनी मनातल्या मनात ती पास करून टाकली.

सहा महिन्यांनी दुकानातल्या ट्रायलच्या आरशासमोर शर्ट बदलताना त्यांना त्या वणाच्या कडेला काळ्या दोऱ्याचं टोक दिसलं. तांदळाच्या कणीएवढं. आता कोणताही शहाणा माणूस हॉस्पिटलात गेला असता. एखादा सुतार गेला असता, पोस्टमन गेला असता, न्हावीसुद्धा गेला असता. पण मास्तरांच्या हाताने डोक्याला विचारलंच नाही. चिमटीत टोक धरलं, जरा ताणलं. आत कुठेतरी काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मग कात्रीचं टोक कातडीत जरासं खुपसून त्यांनी दोरा मुळापाशी कापला. काम फत्ते. मास्तर स्वतःवर खूशही झाले.

पंधरा दिवसांत तिथून पाणी यायला लागलं. तेव्हा तरी जायचं! पण आता गेलं तर डॉक्टर विचारणार, काय केलंत? आणि काय सांगणार? कात्री घातली? सहासष्ट वर्षांच्या माणसाने? मास्तरांनी मग त्याहून मोठा मूर्खपणा केला. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, सगळ्यात बारीक सुई पाण्यात उकळली, रेशमी दोरा ओवला आणि आरशासमोर उभं राहून, ओठ दाताखाली धरून, स्वतःच्या कातडीला तीन टाके घातले. ब्रह्मांड आठवलं. टाके मात्र झकास आले.

हसू येतं ना? मास्तरांनाही पहिले दोन दिवस आलं. मग त्या जागेला लाली आली, मग सूज, मग पिवळा डाग. ते बायकोकडे पाठ करून कपडे बदलायला लागले. घरात टॉवेल खांद्यावर टाकून वावरायला लागले. त्यांच्या बायकोच्या नजरेतून कोथिंबिरीतला किडा सुटत नसे, तिथे नवऱ्याच्या बनियनवरचा डाग किती दिवस सुटणार?

"अहो, हे काय आहे?"

"घाम."

"पिवळा? आणि एकाच जागी? मला काय खुळी समजता? उद्या सकाळी हॉस्पिटल. दुकानबिकान काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराची कडी लावून मास्तरांनी ते तीन टाके कापून काढले आणि दोऱ्याचे तुकडे पाण्याबरोबर सोडून दिले. आता कुणाला कळायचं कारण उरलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला. बायको शेजारीच उभी होती. डॉक्टर खाली वाकले, दाबून बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे किती दिवस आहे?"

"थोडेच."

"थोडे म्हणजे? यात पू झालाय काका. टाके कुणी काढले होते?"

एवढाच प्रश्न. डॉक्टरांच्या मनात आठ महिन्यांपूर्वीचे टाके होते, मास्तरांच्या मनात सकाळचे. समोर डॉक्टर, शेजारी बायको, दारात पुढच्या पेशंटची गर्दी. आणि खरं काय सांगायचं, की कोटाच्या सुईने मी स्वतःची छाती शिवली? त्यांच्या तोंडून जे आलं ते असं:

"खालच्या ड्रेसिंगवाल्या सिस्टरनी. त्या दिवशी फार घाईत होत्या बाई. एखादा टाका आत राहिला असावा असं मला तेव्हाच वाटलं होतं."

बोलून झाल्यावर मास्तरांना हायसं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बायकोने लिहून घेतलं नाही, पण तिच्या डोक्यात ते जास्त पक्कं बसलं.

मास्तरांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. हाताला सुई, सुईला औषधाची बाटली. संध्याकाळी कळलं की नुसत्या औषधाने भागणार नाही. पेटी पुवात बुडाली की जंतू तारांवर चढतात, आणि तारा सरळ हृदयात गेलेल्या. पेटी काढायची, दोन्ही ताराही काढायच्या. तारा काढणाऱ्या डॉक्टर वेगळ्या, त्या येऊन सगळं समजावतील. अकरा वर्षांच्या तारा आत शिरेला, हृदयाला चिकटून बसलेल्या. त्या काय कोटातल्या कच्च्या दोऱ्यासारख्या ओढून काढायच्या?

इकडे तळमजल्यावर दुसरंच रामायण सुरू झालं होतं. पेसमेकरच्या पेशंटला जंतुसंसर्ग, आणि तोही ड्रेसिंग रूमच्या हलगर्जीपणामुळे, असं लेखी आल्यावर हॉस्पिटल गप्प कसं बसेल? ड्रेसिंग रूमला कुलूप लागलं. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या महिन्यात सिस्टरनी टाके काढलेल्या एकोणीस पेशंटना फोन करून तपासणीला बोलावलं. आणि चौकशी होईपर्यंत सिस्टरला चादरींच्या स्टोअरमध्ये बसवलं. ही बातमी मास्तरांच्या बायकोनेच आणली, आणि मोठ्या समाधानाने.

"चादरी मोजत बसलीय आता. माणसांना हात लावायची लायकीच नाही तिची."

"अगं, जाऊ दे ना," मास्तर पुटपुटले.

"जाऊ दे? तुमचा जीव टांगणीला लागलाय आणि जाऊ दे? तुम्ही फार भोळे आहात. तुम्हाला कुणीही येऊन टोपी घालावी."

भोळे! मास्तरांनी कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको औषधं आणायला खाली गेली असताना त्या सिस्टर आल्या. पस्तीस-छत्तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या. खाटेपासून चार हात लांब उभ्या राहिल्या, जवळ यायला बंदी असल्यासारख्या.

"काका, मी इथे येऊ नये खरं म्हणजे. पण राहवेना. मी खूप आठवून बघितलं. त्या दिवशी तेवीस ड्रेसिंगं होती. मी टाके मोजून काढते नेहमी. तुमचे सात होते, सात काढले, असं मला पक्कं आठवतंय. पण आता वाटतं, मी मनाला समजावण्यासाठी तसं म्हणतेय की काय? सहाच काढले असतील. माझा माझ्यावर विश्वासच राहिला नाही."

सात होते. मास्तरांना ठाऊक होतं, कारण त्यांनीही मोजले होते. कुणी टाके उसवायला लागलं की मोजायचे, ही त्यांची जन्माची खोड. सिस्टरनी एकेक टाका चिमट्याने उचलून, कापून, पांढऱ्या कापडावर ओळीने ठेवला होता, आणि मास्तर मनात म्हणाले होते, बाईचा हात चांगला आहे. हे आत्ता सांगायचं फक्त. दोन वाक्यं. वॉर्डात ऐकायलासुद्धा कुणी नव्हतं, शेजारचे आजोबा घोरत होते.

"माझ्यामुळे तुमच्यावर एवढं मोठं ऑपरेशन आलं," सिस्टर म्हणाल्या. "मला माफ करा, काका."

आणि मास्तरांनी काय केलं? त्यांनी सुई नसलेला हात उचलला, आशीर्वादाला उचलतात तसा, आणि म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर. माणसाच्या हातून चूक होते. मी तुम्हाला माफ केलं."

सिस्टरनी दोन्ही हात जोडले. चष्मा काढून डोळे पुसले आणि निघून गेल्या. मास्तर त्या उचललेल्या हाताकडे बघत राहिले. आपण इतके हलके आहोत हे त्यांना सहासष्ट वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको औषधं घेऊन आली तेव्हा त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारांच्या डॉक्टर आल्या. बुटक्या, सर्दीने नाक लाल झालेल्या, आणि बोलण्यापेक्षा चित्रं काढून सांगायची सवय असलेल्या. त्यांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हृदय काढलं, शीर काढली, त्यातून दोन तारा नेल्या.

"नीट ऐका काका. तार ओढायची नाही, हा आमचा पहिला नियम. ओढली की ती तुटते, नाहीतर शीर फाटते. तारेच्या पोटात बारीक पोकळी असते. तिच्यातून एक सळई घालायची आणि तार आतून पक्की धरायची. मग तारेवरून एक नळी सरकवत न्यायची. नळीच्या तोंडाशी फिरतं पातं असतं. तार जिथे जिथे चिकटलीय तिथलं तेवढंच सोडवत जायचं. घाई अजिबात नाही."

"आणि शीर फाटलीच तर?"

"शंभरात एखाद-दुसऱ्याला असं होऊ शकतं. म्हणून छाती उघडणारे सर्जन माझ्या बाजूला हात धुऊन उभे असतील. रक्ताच्या बाटल्या खोलीतच असतील. तुमचं हृदय त्या पेटीवरच चालतं, म्हणून आधी मानेतून एक तात्पुरती तार घालीन, मगच जुन्यांना हात लावीन." त्यांनी नाक पुसलं आणि दोन एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरले. "आता तुम्ही मला मदत करा. हा आठ महिन्यांपूर्वीचा, हा कालचा. ही तार पेटीपाशी एका दोऱ्याने स्नायूला बांधलेली असते. कालच्यात ती सरकलेली दिसतेय. कुणीतरी ओढल्यासारखी. जखमेत कुणी काही केलं होतं का? सुई, कात्री, काहीही? कात्री लागून तारेचं आवरण कापलं गेलं असेल आणि मी तिथेच धरून जोर लावला, तर तार तुटून आत राहील. मग मात्र आपली खैर नाही."

मास्तरांची बायको बाहेर बाकावर होती. दार बंद होतं. आपली खैर नाही, हे शब्द मास्तरांच्या कानात घुमले आणि त्यांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं. काळं टोक, चिमूट, कात्री, उकळलेली सुई, तीन टाके, न्हाणीघर.

डॉक्टर हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "रेशमी दोरा?" एवढंच त्यांनी विचारलं आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. "आतला दोरा कधीकधी असा वर येतो. त्यात कुणाचा दोष नसतो. तेव्हाच आला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं. बरं झालं सांगितलंत. मी तार त्या जागेच्या पुढे आत कापून तिथे धरीन."

"डॉक्टर," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "हे कुणाला सांगणार नाही ना?"

"माझ्यासोबत ऑपरेशनला असतील त्यांना सांगावंच लागेल. बाकी पेशंटचं बोलणं मी बाहेर नेत नाही."

"बाहेर नकोच. घरच्यांना तर नकोच नको."

डॉक्टर निघून गेल्या आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला. चला, सांगून झालं! मनावरचं ओझं उतरलं! असं त्यांनी स्वतःला दिवसभर पटवलं. ती सिस्टर चादरींच्या स्टोअरमध्ये बसली होती, आणि तिचं नावसुद्धा त्या बोलण्यात कुठे आलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. ते लक्षात येऊ लागलं की मास्तर वर फिरणाऱ्या पंख्याच्या फेऱ्या मोजायला लागायचे.

ऑपरेशनला चार तास लागले. मास्तरांना त्यातलं काही ठाऊक नाही. त्यांना फक्त आठवतं की पांढऱ्या दिव्यांखाली खूप माणसं उभी होती, आणि प्रत्येकाने आपलं काम काय ते मोठ्याने सांगितलं: मी भूल देणार, मी रक्त बघणार, गरज पडली तर मी छाती उघडणार. एवढी माणसं आपल्यासाठी सकाळी लवकर उठून आली, असं त्यांच्या मनात आलं आणि मग अंधार.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तारांच्या डॉक्टरांनी एका पिशवीत त्या दोन तारा दाखवल्या. जागोजागी पांढरट पापुद्रे चिकटलेले. एका तारेचा बाहेरचा तुकडा कापून वेगळा ठेवलेला, त्यावर बारीकशी खाच होती.

"ही तुमची कात्री. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी इथेच धरलं असतं. मोठ्या शिरेत ही तार अशी घट्ट बसली होती, की ती तुटलीच असती आणि तुटका तुकडा आतच राहिला असता. आता काळजी नाही. जंतू गेले की दुसऱ्या बाजूला नवी पेटी बसवू."

म्हणजे खरं बोलल्याने जीव वाचला. पण वाचला कुणाचा? स्वतःचाच. मास्तरांनी खरं सांगितलं होतं, पण जिथे आपल्या मानेवर सुरी होती तिथे. ज्या बाईची मान अडकली होती तिच्यापुढे हात वर करून मोठेपणा मिरवला होता. डॉक्टर हसून गेल्या, आणि मास्तरांना त्या पिशवीकडे बघवेना.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बायको हातात कागद घेऊन आली. उजळ चेहऱ्याने.

"तुम्ही आत होतात ना, तेव्हा मी बाहेर बसून हे लिहिलं. चार तास. दर वेळी दार उघडलं की वाटायचं, आता येऊन सांगणार मला... मग मी लिहीतच राहिले. हात थांबला असता तर वेड लागलं असतं." तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच सावरली. "तीन पानं झाली. त्यांची प्रत मेट्रनबाईंना दिली. त्या आज अकरा वाजता येणार आहेत, तुमची सही घ्यायला. तुमची सही झाली की तिला काढूनच टाकणार आहेत. मी विचारून घेतलंय."

"काढून?"

"मग काय सत्कार करणार?"

घड्याळात साडेदहा झाले होते. मास्तरांना वाटलं, चक्कर यावी. ताप तरी यावा. नेमके हवे तेव्हा आजार येत नाहीत. बायको त्यांचे केस विंचरत होती, सहीला नवरा नीटनेटका दिसावा म्हणून. खरं बोललो तर ही चार तास बाकावर बसून लिहिलेली तीन पानं हिच्याच तोंडावर मारल्यासारखी होणार. सगळ्या हॉस्पिटलात हसं होणार. दुकानाच्या गल्लीत चार दिवसांत पोचणार. मास्तरांनी स्वतःची छाती शिवली, ऐकलंत का? पुढची दहा वर्षं गिऱ्हाइकं मापं देताना हसू दाबणार. आणि सही केली तर? काही नाही. कुणाला काही कळणार नाही. डॉक्टर बोलणार नाहीत, मास्तरांनीच त्यांचं तोंड बंद केलं होतं.

बरोबर अकराला मेट्रनबाई आल्या. पांढरे केस, कडक इस्त्रीचा गणवेश. मागे त्या सिस्टर होत्या. तक्रार जिच्याविरुद्ध आहे तिच्यासमोरच वाचायची, असा नियम होता.

मेट्रनबाईंनी कागद वाचला. घाई, हलगर्जीपणा, आत राहिलेला टाका, माझ्या भोळ्या स्वभावाच्या पतीच्या जिवाशी खेळ. सिस्टर खाली बघत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मेट्रनबाईंनी कागद फळीला लावून मास्तरांपुढे धरला आणि पेन दिलं.

"हे तुम्हाला मान्य असेल तर खाली सही करा."

मास्तरांनी पेन धरलं. पण ते कागदाला टेकवलं नाही. ते बघून सिस्टरच पुढे झाल्या आणि फळी खालून धरली.

"करा काका सही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्यामुळे तुमच्या जिवाला घोर नको. मला तुमचा राग नाही."

मास्तरांनी पेन गादीवर टाकलं.

"सात होते," ते म्हणाले.

"काय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"टाके. सात होते, आणि यांनी सातही काढले. मी मोजले होते." त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण उघड्या डोळ्यांनी पुढचं बोलणं त्यांना जमणार नव्हतं. "आतला दोरा सहा महिन्यांनी वर आला. तो मी ओढला. माझ्या कात्रीने कापला. मग तिथून पाणी आलं, तेव्हा मीच सुई घेऊन शिवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लाज वाटली म्हणून यांचं नाव घेतलं. यांचा काही दोष नाही. काडीचा नाही."

बायको हसली. "यांना अजून भुलेचा अंमल आहे. काहीही बोलतात."

"नाही गं."

"अहो, असं कुणी करतं का? सुईने?"

"तारांच्या डॉक्टरांना विचार. त्यांना मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलंय."

मास्तरांनी डोळे उघडले. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण त्यामागे आता कुणी नव्हतं.

"म्हणजे त्यांना सांगितलंत," ती सावकाश म्हणाली. "आणि मी बाहेर बसून हे लिहीत होते."

"हो."

तिने पुढे होऊन फळीवरचा कागद ओढला आणि फाडायला घेतला. मेट्रनबाईंनी तिचा हात धरला.

"फाडू नका. याच्याच मागे त्यांना लिहून देऊ द्या. त्यांच्या हाताने."

मास्तरांनी लिहिलं. मापांच्या वहीपलीकडे त्यांनी आयुष्यात फारसं काही लिहिलं नव्हतं. मी खोटं बोललो, इथून सुरुवात केली. पाच ओळी लिहायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. शेजारचे आजोबासुद्धा जागे होऊन टक लावून बघत होते. खाली सही केली. मेट्रनबाईंनी ते वाचलं, कागदाची घडी घातली, आणि सिस्टरकडे वळल्या.

"तुझ्यावरचा ठपका संपला. आजपासून जागेवर ये. यांच्याबद्दल तुला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण."

मास्तर तयार होते. शिव्या खायला तयार होते, तोंडात मारली असती तरी ती खायला तयार होते. त्याने बरंच वाटलं असतं.

सिस्टर मास्तरांकडे न बघता मेट्रनबाईंशी बोलल्या.

"घाबरून माणूस खोटं बोलतो. रोज बघते मी, साखरेच्या पेशंटपासून सगळे बोलतात. त्याचं मला काही नाही. पण मी यांच्यापुढे हात जोडून उभी राहिले होते, आणि यांनी मला माफ केलं होतं. घरी जाऊन मी माझ्या आईला सांगितलं, काका देवमाणूस आहेत, त्यांनी मला माफ केलं. आई रडली." त्यांनी चष्मा वर सरकवला. "ते तेवढं यांनी परत घ्यावं. बाकी मला काही नको."

कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मास्तरांनी वाट बघितली. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. मेट्रनबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"परत घेतलं," मास्तर म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की आपल्यालाच ऐकू आला की काय, असं त्यांना वाटलं. पण सिस्टरना ऐकू आला होता. त्यांनी मान हलवली आणि मेट्रनबाईंकडे ड्रेसिंग रूमची किल्ली मागितली.